कबड्डीचा लिलाव : प्रतिस्पर्ध्यांचे बळ कसे ओळखावे?

प्रो कबड्डी लीगचा अंतिम सामना संपला, की मॅटवरचे दिवे मालवतात; परंतु खेळ थांबत नाही. तो मॅटवरून कागदावर उतरतो. कोणता संघ कोणाला राखून ठेवणार, कोणाला मोकळे करणार, कोणाच्या थैलीत किती पैसे उरणार आणि लिलावाच्या टेबलावर कोणाची बोली कोटींच्या पुढे जाणार, याची चर्चा सुरू होते. शेजारच्या संघाने कोणता चढाईपटू घेतला, यावर आपल्या संघाचे पुढील वर्ष कसे जाईल याचे आडाखे बांधले जातात. मुंबई-पुण्यातील क्रीडारसिकांना हा छंद २०१४ पासून जडला. दूरचित्रवाणीमुळे तो भुसावळजवळच्या वरणगावसारख्या गावांपर्यंत पोहोचला. मात्र तेथील कबड्डीपटू तरुणांसाठी तो केवळ छंद राहत नाही. लिलावात बोली लागणे म्हणजे उपजीविकेचा एक नवा मार्ग आणि तो किती भरवशाचा आहे, हे त्यांना समजून घ्यावे लागते.

या अंदाजांना काही शास्त्र आहे काय? प्रो कबड्डीच्या बारा हंगामांचा अनुभव पाहिला, तर आहे असेच म्हणावे लागते. मात्र सर्वांत मोठा आकडा ज्याच्या नावासमोर, तो संघ सर्वांत बलवान, हा सर्वसाधारण समज त्या शास्त्रात बसत नाही.

बेसबॉलच्या हिवाळ्यातील रीत

बिगरहंगामात अंदाज बांधण्याची ही रीत अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये फार जुनी आहे. तेथील मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत. ते दोन लीगमध्ये व प्रत्येक लीगमधील तीन विभागांत विभागलेले असून प्रत्येक विभागात पाच संघ येतात. २०२३ पासूनच्या वेळापत्रकानुसार प्रत्येक संघ आपल्या विभागातील प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी वर्षाला १३ सामने खेळतो. म्हणजे १६२ पैकी ५२ सामने याच चार शेजाऱ्यांशी होतात. साहजिकच हिवाळ्यात शेजाऱ्याने कोणाला करारबद्ध केले, ही बातमी स्वतःच्या संघाच्या बातमीइतकीच महत्त्वाची ठरते.

१९७५ च्या अखेरीस लवादाने दिलेल्या एका निर्णयामुळे तेथील खेळाडूला संघाच्या कायमच्या बंधनातून सुटण्याची वाट मोकळी झाली. पुढे सहा वर्षांची सेवा पूर्ण करणारा खेळाडू ‘फ्री एजंट’, म्हणजे मुक्त खेळाडू ठरू लागला. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटो हा फलंदाज न्यूयॉर्क यांकीज सोडून त्याच शहरातील न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. करार १५ वर्षांचा आणि ७६ कोटी ५० लाख डॉलरचा होता. मेट्सचे पारडे जड झाले असे बहुतेकांनी मानले. प्रत्यक्षात २०२५ मध्ये मेट्सला बाद फेरीही गाठता आली नाही. हिवाळ्यातील विजेता आणि हंगामातील विजेता यांत किती अंतर असू शकते, याचा हा अलीकडचा दाखला.

मराठी मुलुखात या प्रकाराशी सर्वांत जवळचे नाते सांगणारा खेळ म्हणजे कबड्डी.

नोकरीकडून बोलीकडे

लिलावापूर्वीही कबड्डीपटू संघ बदलत असत. तो बदल नोकरीच्या मार्गाने होई. रेल्वे, पोलीस, बँका, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांसारख्या आस्थापना क्रीडा कोट्यातून खेळाडूंना सामावून घेत. मुंबईतील व्यावसायिक स्पर्धांत याच संघांचा दबदबा असे. गावच्या मंडळातून जिल्ह्याच्या संघात, तेथून राज्याच्या संघात आणि अखेरीस आस्थापनेच्या सेवेत, असा हा प्रवास होता. त्यात पैसा बेताचा होता, पण निवृत्तिवेतनाची हमी होती. खेळाडूची ‘किंमत’ त्या काळी पगारपत्रकावर ठरत असे व ती जगजाहीर होत नसे.

२० मे २०१४ रोजी पहिल्या हंगामाचा लिलाव झाला आणि ही किंमत सर्वांसमोर आली. प्रत्येक संघाला ६० लाख रुपये खर्चाची मर्यादा होती. राकेश कुमारसाठी पाटणा पायरेट्सने मोजलेले १२ लाख ८० हजार रुपये ही सर्वोच्च बोली ठरली. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय संकुलात यू मुंबा व जयपूर पिंक पँथर्स यांच्यात लीगचा पहिला सामना झाला.

पुढील आकडे झपाट्याने वाढले. २०१६ मध्ये चौथ्या हंगामासाठी मोहित छिल्लर ५३ लाखांना बंगळूरकडे गेला. २०१७ मध्ये नितीन तोमरला यूपी योद्धाने ९३ लाख दिले. मे २०१८ च्या लिलावात कोटीची मर्यादा ओलांडली गेली. त्या वेळी एकूण सहा खेळाडूंनी कोटीचा टप्पा गाठला व हरियाणा स्टीलर्सच्या मोनू गोयतची १ कोटी ५१ लाखांची बोली सर्वोच्च ठरली. २०२१ मध्ये प्रदीप नरवाल १ कोटी ६५ लाखांना यूपी योद्धाकडे, २०२२ मध्ये पवन सेहरावत २ कोटी २६ लाखांना तमिळ थलायवाजकडे आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच पवन २ कोटी ६० लाख ५० हजारांना तेलुगू टायटन्सकडे गेला.

थैलीचे गणित

बेसबॉलमध्ये खर्चाला पक्की कमाल मर्यादा नाही. ठरावीक रकमेपलीकडे गेल्यास संघाला कर भरावा लागतो, एवढेच. श्रीमंत संघमालक तो भरून पुढे जातो. कबड्डीत तशी सोय नाही. दहाव्या, अकराव्या व बाराव्या हंगामात प्रत्येक संघाची थैली ५ कोटी रुपयांची होती आणि किमान १८, कमाल २५ खेळाडू तीतूनच उभे करायचे होते. राखून ठेवलेल्या खेळाडूंचा खर्चही त्याच थैलीतून वजा होतो.

म्हणूनच कबड्डीतील बोली रुपयांत न मोजता थैलीच्या टक्केवारीत मोजावी. पहिल्या हंगामात राकेश कुमारची किंमत संघाच्या थैलीच्या सुमारे २१ टक्के होती. २०१८ मध्ये ४ कोटींच्या थैलीत मोनू गोयतचा वाटा सुमारे ३८ टक्के होता. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर झालेला खर्च ५२ टक्के होता. उरलेल्या २ कोटी ३९ लाख ५० हजारांत किमान १७ जण घ्यायचे, म्हणजे माणशी सरासरी १४ लाख रुपये पडतात. कबड्डीत एका वेळी सात जण मॅटवर असतात. एकाने कितीही गुण आणले, तरी तो बाद होऊन बाहेर बसला की उरलेल्या सहांनाच किल्ला लढवावा लागतो. अर्धी थैली एकाच्या पदरात टाकण्याची खरी किंमत त्या वेळी कळते.

लिलावाआधी खेळाडूंची विभागणी होते. दहाव्या हंगामापासून ‘अ’ गटाची मूळ किंमत ३० लाख, ‘ब’ गटाची २० लाख, ‘क’ गटाची १३ लाख व ‘ड’ गटाची ९ लाख रुपये ठेवण्यात आली. संघ आपल्या काही खेळाडूंना ठरावीक प्रवर्गांत राखून ठेवू शकतो. त्यांत प्रस्थापित खेळाडूंचा एक प्रवर्ग असतो आणि तरुणांचे स्वतंत्र प्रवर्ग असतात. शिवाय ‘फायनल बिड मॅच’ या सवलतीचा मर्यादित वापर करून, मोकळ्या केलेल्या खेळाडूवर लागलेल्या अखेरच्या बोलीइतकी रक्कम देऊन त्याला परत घेता येते. त्यामुळे एखाद्या संघाने मोठा खेळाडू सोडला, या बातमीचा अर्थ तो संघ त्याला मुकला असाच होतो असे नाही. बाजारात त्याचा भाव ठरू द्यावा आणि मग निर्णय घ्यावा, असाही डाव त्यामागे असू शकतो.

एका विभागातील दोन शेजारी

२०१७ मध्ये लीग १२ संघांची झाली, तेव्हा पाचव्या व सहाव्या हंगामासाठी संघांचे दोन विभाग करण्यात आले. यू मुंबा व पुणेरी पलटण हे महाराष्ट्राचे दोन्ही संघ ‘अ’ विभागात होते. त्यांच्यासोबत दिल्ली, जयपूर, हरियाणा व गुजरात होते. २२ पैकी १५ सामने विभागातील पाच प्रतिस्पर्ध्यांशी, प्रत्येकाशी तीन, असे वेळापत्रक होते. बेसबॉलच्या विभागीय स्पर्धेशी इतके साम्य त्याआधी वा नंतर कबड्डीत आले नाही. २०१९ मध्ये सातव्या हंगामापासून विभाग रद्द झाले आणि प्रत्येक संघ प्रत्येकाशी दोनदा खेळू लागला. मुंबई-पुण्याची चुरस मात्र टिकली.

या दोन शेजाऱ्यांमध्ये माणसांची ये-जाही झाली. यू मुंबाला पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत नेणारा आणि २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार अनुप कुमार खेळातून निवृत्त झाल्यावर पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली २०१८ मध्ये १ कोटी रुपयांना यू मुंबाकडे आला व नंतर तेथे कर्णधार झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये मात्र पुण्याने त्याला १ कोटी ३८ लाखांना घेतले. त्याच वर्षी पुणे प्रथमच अंतिम फेरीत पोहोचले व जयपूरकडून २९-३३ असे हरले.

मुंबईची गोष्ट उलट दिशेने सांगता येते. २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने ३६ लाख ४० हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळवले. पुढच्या वर्षी त्याचा भाव १ कोटी ४५ लाखांवर गेला व तो तेलुगू टायटन्सकडे गेला. एका वर्षात चौपट वाढलेल्या या किमतीत खेळाडूच्या कर्तबगारीचा वाटा मोठा होताच, पण इतर संघांच्या गरजेचाही होता. टायटन्सकडेही देसाई गुण मिळवीत राहिला, तरी संघाचे स्थान तळाशीच राहिले.

एक खेळाडू, तीन संघ

मोठी बोली संघाला नेमके काय देते, हे तपासण्याची उत्तम संधी इराणचा अष्टपैलू मोहम्मदरेझा शादलू याच्यामुळे मिळते. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतले. पुणे विजेते झाले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला झालेल्या अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले. ऑगस्ट २०२४ मध्ये शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेते झाले. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीला त्यांनी पाटण्याला ३२-२३ असे नमवले. २०२५ मध्ये गुजरात जायंट्सने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले. ती त्या लिलावातील सर्वोच्च बोली होती. गुजरातला बाद फेरीत स्थानही मिळाले नाही.

खेळाडू तोच, दर्जा तोच आणि किंमतही जवळपास तीच होती. फरक होता तो ज्या संघात तो गेला त्या संघाच्या स्थितीत. पुणे २०२२ च्या हंगामातील उपविजेते होते. हरियाणा दहाव्या हंगामातील उपविजेते होते. दोन्ही ठिकाणी संघाचा सांगाडा तयार होता, एक जागा भरायची होती आणि ती शादलूने भरली. गुजरात अकराव्या हंगामात तळाच्या संघांत होते. तेथे एक नव्हे, अनेक जागा रिकाम्या होत्या. महागडा खेळाडू जवळपास तयार असलेला संघ पूर्ण करतो, परंतु तो एकटा संघ उभा करू शकत नाही, हा या तीन वर्षांचा धडा आहे.

पुण्याचा सांगाडा कसा तयार झाला, हेही पाहण्यासारखे आहे. आठव्या हंगामात अस्लम इनामदार व मोहित गोयत हे नवोदित म्हणून संघात आले. पंकज मोहिते, आकाश शिंदे, गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत अशी तरुण फळी त्यांच्याभोवती जमली. यातील कोणाचीही निवड कोटींच्या बोलीने झाली नव्हती. २०२४ मध्ये शादलू गेला, हंगामाच्या मध्यात अस्लम दुखापतग्रस्त झाला आणि पुणे बाद फेरीला मुकले. पण तरुणांचा गाभा मोडला नाही. २०२५ मध्ये, अजय ठाकूरच्या मार्गदर्शनाखाली, पुण्याने पुन्हा अंतिम फेरी गाठली व तेथे दिल्लीकडून २८-३१ असा निसटता पराभव पत्करला.

जेथे अंदाज चुकले

अंदाज चुकण्याची कारणेही ठरावीक आहेत. पहिले कारण दुखापतीचे. पवन सेहरावत ऑक्टोबर २०२२ मध्ये तमिळ थलायवाजच्या पहिल्याच सामन्यात जखमी झाला व त्या हंगामाला मुकला. थैलीचा अर्धा भाग बाकावर बसला. तरीही थलायवाजने उपांत्य फेरी गाठली, कारण नरेंदर कंडोला या नवोदिताने पहिल्याच हंगामात दोनशेहून अधिक गुणांची चढाई केली. आठव्या हंगामात तेलुगू टायटन्सचा सिद्धार्थ देसाई सुरुवातीलाच जायबंदी झाला. त्यांना मात्र असा नरेंदर सापडला नाही आणि २२ सामन्यांत एकच विजय त्यांच्या वाट्याला आला.

दुसरे कारण एकाच खेळाडूवरील भाराचे. दहाव्या हंगामात पवन तंदुरुस्त होता, भरपूर गुणही मिळवीत होता. तरी तेलुगू टायटन्सला २२ सामन्यांत दोनच विजय मिळाले. २०२५ मध्ये देवांक दलाल २ कोटी २० लाख ५० हजारांना बंगालकडे गेला, पण बंगाललाही बाद फेरी गाठता आली नाही. हाच देवांक आदल्या हंगामात पाटण्याकडून खेळताना तीनशेहून अधिक गुण मिळवून गेला होता आणि पाटणा उपविजेते ठरले होते. त्या वर्षीच्या लिलावातील कोटींच्या यादीत त्याचे नाव नव्हते.

तिसरे कारण सोडलेल्या खेळाडूच्या मोठेपणाचे. पाटण्याला सलग तीन विजेतेपदे मिळवून देणाऱ्यांत प्रदीप नरवालचा वाटा मोठा होता. २०२१ मध्ये पाटण्याने त्याला सोडले, तेव्हा पाटण्याचे दिवस संपले असे मानणाऱ्यांची संख्या मोठी होती. पाटण्याने आठव्या हंगामात साखळीत अव्वल स्थान मिळवले, उपांत्य फेरीत प्रदीपच्याच यूपी योद्धाला हरवले आणि अंतिम सामना एका गुणाने, ३६-३७ असा गमावला. सुटलेला पैसा त्यांनी बचावफळीत व चढाईपटूंच्या जथ्यात विभागला होता.

आडाखे बांधण्याची पद्धत

या अनुभवांतून प्रतिस्पर्ध्याचे बळ जोखण्याची काही सूत्रे हाती लागतात.

पहिले सूत्र, लिलावाआधी राखलेल्यांची यादी वाचावी. किती खेळाडू राखले यापेक्षा कोणत्या जागांचे राखले, हे महत्त्वाचे असते. दोन्ही कोपरारक्षक व किमान एक मध्यरक्षक कायम असतील, तर बचावाची वीण टिकते. पकडीत साखळीतील जोडीदाराचा अंदाज लागण्यास वेळ लागतो व तो विकत मिळत नाही.

दुसरे सूत्र, उरलेली थैली व रिकाम्या जागा यांचे गुणोत्तर काढावे. दोन कोटी उरलेले आहेत आणि दोनच जागा रिकाम्या आहेत, असा संघ धोकादायक असतो. तीन कोटी उरलेले आहेत व बारा जागा भरायच्या आहेत, असा संघ लिलावात बातम्या गाजवील, पण मॅटवर चाचपडेल.

तिसरे सूत्र, जोड्यांकडे पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये यू मुंबाने सुनील कुमारला १ कोटी १ लाख ५० हजार रुपये दिले. एका भारतीय बचावपटूसाठी ही विक्रमी बोली होती. त्याच लिलावात त्यांनी परवेश भैंसवाललाही घेतले. हे दोघे गुजरातकडून अनेक हंगाम खांद्याला खांदा लावून खेळलेले. दहाव्या हंगामात तळाकडे असलेल्या मुंबईने अकराव्या हंगामात बाद फेरी गाठली. विकत घेतले गेले ते दोन खेळाडू नव्हेत, तर एक जमलेली जोडी.

चौथे सूत्र, प्रशिक्षकाचे नाव विसरू नये. बी. सी. रमेश यांनी २०१९ मध्ये बंगालला आणि दहाव्या हंगामात पुण्याला विजेतेपद मिळवून दिले. मनप्रीत सिंग यांनी गुजरातला दोनदा व हरियाणाला एकदा अंतिम फेरीत नेले आणि २०२४ मध्ये हरियाणाला विजेते केले. प्रशिक्षकावर थैलीतील एक रुपयाही खर्च होत नाही. म्हणूनच लिलावाच्या चर्चेत तो दुर्लक्षित राहतो.

पाचवे सूत्र नवोदितांचे. ‘ड’ गटातून वा नवोदितांच्या प्रवर्गातून आलेला खेळाडू पहिल्या वर्षी कोणाच्याच अंदाजात नसतो. तो दुसऱ्या वर्षी राखून ठेवला गेला, तर त्या संघाने काहीतरी हेरले आहे असे समजावे. स्वस्तात मिळालेला चांगला खेळाडू संघाला गुण तर देतोच, शिवाय थैलीत जागाही मोकळी ठेवतो. पुण्याने दहाव्या हंगामात शादलूला घेतले, ते या मोकळ्या जागेच्या बळावर.

वरणगावच्या खेळाडूसमोरचा हिशेब

हे पाचवे सूत्र संघांच्या अंदाजापुरते मर्यादित नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातील खेळाडूला लीगमध्ये जाण्याचे दार येथेच आहे. भुसावळ तालुक्यातील वरणगाव ओळखले जाते ते दारूगोळा बनविणाऱ्या आयुध निर्माणीमुळे. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आला. शेजारी भुसावळला मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे. या परिसरात ‘नोकरी’ या शब्दाला पिढ्यान्‌पिढ्या एक ठाम अर्थ आहे : रेल्वे किंवा निर्माणी. कबड्डी खेळणाऱ्या मुलाच्या घरच्यांनी आजवर खेळाकडे पाहिले ते याच नजरेने. प्रावीण्याचे प्रमाणपत्र मिळाले, तर क्रीडा कोट्यातून नोकरीची आशा.

मार्ग पायऱ्यापायऱ्यांचा आहे. शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, नाशिक विभाग व राज्य अशी चढण असते. जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीतून राज्य अजिंक्यपद स्पर्धेत संधी मिळते. महाविद्यालयात गेल्यावर जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येते. २०२३ च्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील अंतिम फेरीच्या दोन्ही संघांतील खेळाडूंना दहाव्या हंगामाच्या लिलावातील यादीत स्थान देण्यात आले होते. म्हणजे विद्यापीठाच्या मॅटवरून लिलावाच्या टेबलापर्यंत थेट रस्ता आखला गेला.

मात्र या रस्त्यावरचा आकडा वृत्तपत्रांच्या मथळ्यातला नसतो. ‘ड’ गटाची मूळ किंमत ९ लाख रुपये, तीही बोली लागली तर. करार एका वा फार तर काही हंगामांचा असतो. गुडघा वा खांदा दुखावला, तर पुढच्या वर्षी नाव यादीत राहीलच याची हमी नसते. दुसऱ्या बाजूला कायम नोकरी, वैद्यकीय सुविधा व निश्चित पगार. अनेक नामांकित कबड्डीपटूंनी आस्थापनेतील नोकरी टिकवूनच लीग खेळण्याचा मार्ग पत्करला, तो या हिशेबामुळेच. कोटींच्या बोलीकडे पाहून नोकरीची संधी सोडणे, हा तेलुगू टायटन्सने एका खेळाडूवर अर्धी थैली लावण्यासारखाच जुगार ठरतो.

चढाईपटूच्या किमती चढ्या दिसतात म्हणून प्रत्येक गावात चढाईपटूच घडतात. संघांची खरी टंचाई मात्र अनेकदा कोपऱ्यात व मध्यरक्षकाच्या जागेवर असते. सुनील कुमारची बोली व शादलूभोवतीची चढाओढ हेच सांगते. तालुका पातळीवरील प्रशिक्षकाने लिलावातून एक गोष्ट घ्यायची झाली, तर पकडीचा सराव वाढविण्याची घ्यावी. त्यातून तयार झालेल्या मुलापुढे गर्दी कमी आणि मागणी अधिक असते.

महाराष्ट्रात ‘कबड्डीमहर्षी’ शंकरराव साळवी यांच्या स्मरणार्थ १५ जुलै हा कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. संघटना उभी करायची तर गावोगावची मंडळे जिवंत राहिली पाहिजेत, हा त्यांच्या पिढीचा आग्रह होता. लिलावाने खेळाडूला पैसा व प्रतिष्ठा दिली, हे नाकारता येणार नाही. परंतु बारा हंगामांचा जमाखर्च मांडला, तर विजेतेपदांच्या मुळाशी स्वस्तात मिळालेले, काही वर्षे एकत्र राखलेले आणि एकमेकांची चाल ओळखणारे तरुण दिसतात. पुढील लिलावात प्रतिस्पर्ध्याने कोणावर किती उधळले, हे पाहण्याआधी त्याने कोणाला जपले, हे पाहावे. अंदाज बरोबर येण्याची शक्यता त्यात अधिक आहे.